चौतीस कोरे गोळे

ता. ९ जून, मंगळवार
ऑफिस, चहाच्या सुट्टीनंतर

चि. अनुस्वारास,

अनेक आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्याही आधी एक तक्रार.

तुझ्या पत्राच्या तीन पानांना तू टाचणी लावलीस ती उजव्या कोपऱ्यात. सव्वीस वर्षं मी कागद वाचून पोट भरतो आहे. या काळात माझ्या टेबलावर वाकडी टाचणी आली, गंजलेली आली, एकदा तर टाचणीच्या जागी केसांचा आकडा आला. परंतु उजव्या कोपऱ्यातली टाचणी आजवर आली नव्हती. पहिलं पान उलटलं की दुसरं आपोआप मिटतं आणि तिसरं चष्म्यावर येऊन बसतं. तीन पानं वाचायला मला दोन्ही हात, एक पेपरवेट आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंची करंगळी एवढी सामग्री लागली. करंगळी देता देता त्या म्हणाल्या, "भाचीचं का?" मी म्हटलं, "अक्षर ओळखलंत?" तर म्हणाल्या, "नाही, तुमचा चेहरा." हा अपमान सर्वस्वी तुझ्या टाचणीमुळे घडला, याची नोंद घ्यावी.

दुसरं. आता अठरा पूर्ण झाली, तेव्हा अनुस्वार म्हणणं थांबवशील का, असं विचारलं आहेस. तुझी आई लिहिते की परवा निकाल पाहून तू संध्याकाळपर्यंत कपाटावर जाऊन बसली होतीस आणि तिने पोळ्या तिथे वर नेऊन दिल्या. जो जीव अठराव्या वर्षीही सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन टिंबासारखा बसतो, त्याला दुसरं काय म्हणायचं, ते तूच कळव.

इकडचं काम नेहमीचंच. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेलं जे माहितीपत्रक सारं जग न वाचता फेकून देतं, ते अथपासून इतिपर्यंत वाचणारा एकच मनुष्य आहे आणि तो अजून पेन्शनीला आलेला नाही. काल खोकल्याच्या औषधाचं प्रूफ आलं. संभाव्य त्रासांच्या यादीत 'क्वचित खोकला' असं होतं. मी समासात प्रश्नचिन्ह करून परत पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं, 'बरोबर आहे.' अशा युगात आपण राहतो.

आता तुझ्या दुसऱ्या पानाकडे येतो. ते मी चार वेळा वाचलं आणि दर वेळी माझा चहा निवला.

दोनशे प्रश्न. वैद्यकीय प्रवेशाला लागले एकशे पंचेचाळीस, तुला मिळाले एकशे एकोणचाळीस. उत्तरपत्रिकेतले चौतीस गोळे कोरे. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की शेजारपाजारच्या प्रत्येक प्राण्याने तुला त्रैराशिक मांडून दाखवलं आहे: प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चौतीसला चाराने भागा, डोळे मिटून काळे केले असते तरी आठ आले असते, आणि हव्या होत्या फक्त सहा. म्हणजे डोळे मिटून आठ मिळवणारी पोर डॉक्टर व्हायला लायक, आणि डोळे उघडे ठेवून 'हे मला येत नाही' असं प्रामाणिकपणे सांगणारी नालायक. धन्य ती परीक्षा, धन्य ते मंडळ. आणि तो तुझा क्लासवाला सर, ज्याने भर वर्गात सांगितलं की काही सुचलं नाही तर 'क' ठोका. उद्या त्याचे विद्यार्थी लोकांच्या पोटावर हात ठेवतील, काही सुचणार नाही, आणि 'क' ठोकतील. मग तो रोगी जाणो आणि त्याचं पोट जाणो.

तुला आठवतं का, आठवत असणारच. तू नऊ वर्षांची असल्यापासून सुट्टीत माझ्या टेबलासमोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचायचीस आणि मी छापील ताडून बघायचो. एकदा वाचता वाचता थांबलीस. 'दिवसातून' म्हणालीस आणि पुढे गप्प. कागदाची घडी नेमकी आकड्यावर होती. म्हणालीस, "मामा, एक आहे का सात, दिसत नाही." मी म्हटलं, "अंदाजाने सांग." तू म्हणालीस, "अंदाजाने नाही सांगणार." आपल्या धंद्याचा हाच एक नियम आहे. आकडा दिसत नसेल तर तो ओळखून भरायचा नाही. गोल करायचा, समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि कागद परत. माझ्याआधी या खुर्चीत जे गृहस्थ होते त्यांनी एकदा एक आकडा ओळखून भरला. सबंध छपाई रद्दीत गेली आणि गृहस्थ घरी गेले. नशीब एवढंच, की डब्या दुकानात गेल्या नव्हत्या. तू दहाव्या वर्षी हे आपण होऊन केलंस. तोंडावर मी काही बोललो नाही, कारण लहान मुलांचं कौतुक केलं की ती आइस्क्रीम मागतात. पण त्या दिवशी घरी जाताना मी तीन थांबे चालत गेलो होतो, एवढं आज सांगून टाकतो.

त्याच मुलीला आज लोक म्हणतात, 'परीक्षेचं तंत्र जमलं नाही.'

तू विचारतेस, मामा, पुन्हा बसू का? म्हणतेस की विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राची जागा मिळते आहे, पण तिथेही मूळ प्रमाणपत्रं हवीत आणि पुन्हा परीक्षेच्या अर्जालाही मूळ प्रमाणपत्रं हवीत. दोन्हींची मुदत पंचवीस तारखेची, आणि प्रमाणपत्रं एकेकच. बाबा म्हणतात बस, आई म्हणते तुला वाटेल ते कर, आणि तू म्हणतेस, 'तू सांगशील ते करीन.'

तर ऐक. बसू नकोस. जी परीक्षा अज्ञान लपवायला गुण देते, तिच्या दाराशी दुसऱ्यांदा जाऊन उभं राहणं हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. रसायनशास्त्र हे सभ्य शास्त्र आहे. त्यात एखादी गोष्ट माहीत नसताना हात घातला तर ती स्वतःच फुटून सांगते. खुशाल तिकडे जा.

ताईला सांग, तिचा भाऊ वेळेवर जेवतो. भावोजींना माझा नमस्कार, फार खाली न वाकता केलेला.

तुझा,
अत्यंत शांत
मामा

ता. क. परीक्षेच्या नियमांच्या त्या पुस्तिकेचं तू पत्रात काही लिहिलेलं नाहीस, तेव्हा मीही लिहीत नाही. असल्या भिकार छपाईच्या वस्तू मी जपून ठेवत नाही.


ता. १३ जून, शनिवार
घरून

चि. अनुस्वार,

आशीर्वाद. प्रकृती उत्तम, रक्तदाब सोडून. आणि त्याचं कारण तुझे वडील.

गुरुवारी दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. आगाऊ कळवलं नाही. पंचवीस वर्षं बस आगारात वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाने न कळवता यावं, यावरून प्रसंग ओळख. इस्त्रीचा शर्ट होता. आले, खोलीभर पाहिलं, आणि म्हणाले, "ऑफिस थंड आहे मामासाहेब."

"यंत्रासाठी आहे. माणसांसाठी नाही."

"मग तुम्हाला चालतं ते," असं म्हणून स्टुलावर बसले. मला मामासाहेब म्हणतात तेव्हा त्यांना मी मनुष्य वाटत नाही, हे मी लग्नातच ओळखलं होतं.

मग खिशातून एक घडी काढली, उलगडली आणि माझ्यासमोरच्या प्रुफावर ठेवली. तुझ्या उत्तरपत्रिकेची प्रत. म्हणाले, "मोजा."

"काय मोजू?"

"कोरे गोळे."

"चौतीस आहेत. मला माहीत आहे."

"मोजा म्हटलं."

शेजारच्या बाई पाहत होत्या. पलीकडे संगणकावर मजकूर जुळवणाराही हात थांबवून पाहत होता. मी मोजले. पेन्सिलीने एकेक मोजत गेलो आणि चौतीस भरले. या वयात, स्वतःच्या टेबलावर, मेहुण्यासमोर मी शाळकरी पोरासारखा गोळे मोजत होतो.

"ही कुणाची शिकवण?" ते म्हणाले.

"सचोटीची."

"सचोटी माझ्याही घरात आहे. पण ती पोरीला कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे कळायला नको? अहो, चुकीला गुण कापलेच जाणार नव्हते. एकही नाही. नियमच होता तसा. मग कोरं सोडून कुणाचं भलं झालं?"

मी म्हटलं, "भावोजी, नियम कसाही असो, जी परीक्षा..."

"ते भाषण तुमच्या पत्रात वाचलं. तुमच्या ताईने वाचून दाखवलं, दोनदा." मग म्हणाले, "एक गाडी चुकली की दुसरी असते. रोज माझ्यासमोर शेकडो माणसांची गाडी चुकते. कुणी असं म्हणत नाही, की ही गाडीच अन्यायी आहे."

"म्हणतात की. मी स्वतः म्हटलेलं आहे."

बाई हसल्या. भावोजी हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही म्हणणारच. तुम्ही मग रागाने चालत जाता. आणि पोचता कधी, तेही आम्हाला ठाऊक आहे."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते मला भावोजी गेल्यावर अर्ध्या तासाने सुचलं, म्हणून इथे लिहीत नाही.

मग त्यांनी ते विचारलं. "नियमांची पुस्तिका तुमच्याकडे होती ना हो? पोर ती फेब्रुवारीत तुम्हाला पाठवणार होती, बारीक अक्षरं वाचणारा आपला माणूस म्हणून."

मी म्हटलं, "ती काय म्हणते?"

"ती म्हणते पाठवलीच नाही. बसमध्ये विसरली. मग मी आगारात हरवलेल्या वस्तूंचं कपाट उघडलं. दोन तास शोधलं. छत्र्या निघाल्या बासष्ट, चष्मे निघाले, कुणाची तरी बासरी निघाली. पुस्तिका नाही."

मी म्हटलं, "मग हरवली असेल."

ते उठले. घडी पुन्हा होती तशी घातली, खिशात ठेवली. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ती तुमचं ऐकते. माझं ऐकत नाही, म्हणून आलो." आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला पुढचा दिवस काढायला सोपं गेलं असतं.

तर अशा रीतीने तुझ्या वडिलांनी माझा अपमान करून, वर मलाच वाईट वाटायला लावून, तीन पंचवीसची गाडी पकडली. या माणसाची गाडी कधी चुकत नाही, हाही एक वैतागच.

या संतापाला वाट हवी होती. म्हणून काल मी परीक्षा मंडळाला चार पानी पत्र लिहिलं. भाषा अशी वापरली की ती वाचायला त्यांना एखादा शास्त्री नेमावा लागेल. लिहिलं, की ज्या नियमावर हजारो मुलांचं भवितव्य अवलंबून आहे तो नियम आपण पान तीनवर, सातव्या कलमात, आठ पॉइंटाच्या बारीक टाइपात, गणवेश आणि पाण्याची बाटली यांच्यामध्ये दडवून छापता. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिकेवर मात्र 'सूचना पुस्तिकेप्रमाणे' एवढंच छापून मोकळे होता. ही सूचना आहे की लपंडाव? सवयीप्रमाणे पत्र ताडून पाहायला बाईंना दिलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. म्हणाल्या, "पुस्तिका हरवली ना हो? काल तुमचे मेहुणे सांगत होते."

"हो."

"मग पान तीन, सातवं कलम, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "ऐकीव माहिती आहे."

"आणि आठ पॉइंट? तोही ऐकू येतो?"

बाईंना हल्ली काम कमी आहे. व्यवस्थापकांच्या कानावर घालणार आहे.

पत्र अजून टपालात टाकलेलं नाही. भाषा थोडी सौम्य करावी म्हणतो. तुझ्याबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. बसू नकोस. वडिलांचा राग मनावर घेऊ नकोस. तू त्यांना पुस्तिकेबद्दल जे सांगितलंस, त्यावर मी आज काही लिहीत नाही. गॅसवर दूध ठेवलं आहे.

तुझा,
शांत होण्याचा प्रयत्न करणारा
मामा


ता. १८ जून, गुरुवार
ऑफिस, सकाळ, अजून कुणी आलेलं नाही

अनुस्वार,

तुझं पत्र काल मिळालं. पहिल्याच ओळीत लिहिलं आहेस: 'मामा, तुझं पटलं. येत्या मंगळवारी विज्ञान महाविद्यालयात प्रमाणपत्रं देऊन येते.' एवढं वाचून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि का झाला नाही हे रात्रभर न शोधताही मला माहीत होतं.

हे पत्र तुला मंगळवारच्या आत मिळायला हवं, म्हणून टपालाने पाठवत नाही. नऊच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. तो आगारात तुझ्या बाबांच्या हाती देईल. पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांनी आधी वाचावं आणि मग तुला द्यावं, अशी माझी विनंती आहे. भावोजी, हे तुम्ही वाचत असाल तर आधी बसून घ्या.

सोबत पुस्तिका आहे. हरवली नव्हती. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, जुन्या प्रुफांच्या खाली होती. मी तुला लिहिलं, की असल्या वस्तू जपून ठेवत नाही. ठेवतो. फेब्रुवारीपासून ठेवली आहे आणि निकालापासून तर रोज एकदा खण उघडून बघतो, जणू काही तिच्यातला मजकूर बदलेल.

पान तीन उघड. सातवं कलम. 'चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा केले जाणार नाहीत.' या ओळीत दोन शब्द एकमेकांना चिकटून छापले गेले आहेत. त्यांच्यामध्ये पेन्सिलीची एक उभी रेघ दिसेल आणि समासात जागा सोडण्याची खूण. ती रेघ माझी आहे. सबंध पुस्तिकेत अशा एकोणीस चुका मी काढल्या आहेत, बघ, एकही सुटलेली नाही. तू मला पुस्तिका पाठवलीस ती नियम काय आहे हे विचारायला, आणि मी सवयीने पेन्सिल घेऊन बसलो आणि तिची प्रुफं तपासली. त्या ओळीतल्या प्रत्येक अक्षराला मी हात लावला. ओळ काय म्हणते आहे, ते मला ऐकूच आलं नाही. सव्वीस वर्षं 'रिकाम्या पोटी घेऊ नये' हे वाक्य मी हजारो वेळा वाचलं, आणि रिकाम्या पोटीच औषध घेत आलो. तेव्हा ही काही नवी गोष्ट नव्हती. पण आजवर पोट माझं होतं.

आणि हेही पुरलं नाही. तुझा प्रश्न साधा होता. 'सर म्हणतात एकही गोळा कोरा ठेवू नका. पण चुकलं तर गुण कापतात ना? पुस्तिकेत बघून सांग.' मी तुला कार्ड लिहिलं. ते तुझ्याकडे असणार. 'पुस्तिका वाचली. छपाई भिकार. जे येत नाही ते कोरं ठेवावं, त्यात कमीपणा नाही.' तीन वाक्यं. पहिलं खोटं, दुसरं खरं आणि तुझ्या काही उपयोगाचं नसलेलं, तिसरं माझ्या स्वतःच्या भाषणाच्या हौसेचं. तो क्लासवाला सर, ज्याला मी पहिल्या पत्रात रोग्याच्या पोटावर नेऊन बसवलं, तो बरोबर होता. त्याने नियम वाचला होता.

माझा नियम वाईट नाही, हे मी अजून म्हणतो. औषधाच्या पत्रकावर अंदाजाने आकडा भरणाऱ्याला मी आजही या खोलीतून हाकलून देईन. पण पत्रकाखाली रोगी असतो. तुझ्या चौतीस गोळ्यांच्या खाली कुणीही नव्हतं. ती फक्त परीक्षा होती आणि तिने स्वतःच लिहून दिलं होतं, की इथे चुकायला हरकत नाही. कुठला नियम कुठे लावायचा हे न कळणाऱ्याला आमच्या पाठशाळेत कान धरून उभं करत. तो कान आज माझा मीच धरला आहे.

यावर तू काय केलंस? तीन पत्रं आली तुझी. एकातही त्या कार्डाचा उल्लेख नाही. 'मामा, तू असं का सांगितलंस' एवढी ओळसुद्धा नाही. उलट बाबांना सांगितलंस की पुस्तिका बसमध्ये विसरले. जी मुलगी 'एक की सात' अंदाजाने सांगायला तयार नव्हती, ती माझ्यासाठी सरळ खोटं बोलली. आणि तुझे बाबा बासष्ट छत्र्या उपसत बसले. भावोजी, मी स्टुलासमोर बसून 'हरवली असेल' म्हटलं, तेव्हा ती खणात होती, तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. माफी मागायला तुमच्याकडे येणार आहे. रविवारी. कळवून येतो आहे.

गेले दहा दिवस मी मंडळावर रागावलो, सरांवर रागावलो, शेजाऱ्यांवर, भावोजींवर, बाईंवर. यातला निम्मा राग खरा आहे आणि तो मी मागे घेत नाही. आठ पॉइंटात मुलांचं नशीब छापणाऱ्या माणसाला मी अजूनही भेटू इच्छितो. पण हा सगळा राग मी तुझ्यापुढे उभा केला तो आडोसा म्हणून. तुला 'बसू नकोस' असं मी का सांगितलं, ते काल पहिल्यांदा स्वतःला धडपणे विचारलं. तू पुन्हा बसलीस, सगळे गोळे भरलेस आणि आत गेलीस, तर मधलं वर्ष कुणामुळे गेलं हे सगळ्यांना लख्ख दिसेल. तू बसलीच नाहीस, तर परीक्षा वाईट होती, एवढंच राहील. तुझ्या स्वाभिमानाच्या नावाने मी माझी अब्रू सांभाळत होतो. याहून हलकट गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही, आणि ती मी उत्तम भाषेत केली.

म्हणून माझा सल्ला मी परत घेतो. त्याच्या जागी उलटा सल्लाही देत नाही. 'बस' असं म्हणण्याचाही अधिकार आता मला उरलेला नाही.

फक्त तुझ्याच पत्रातली एक गोष्ट तुझ्यापुढे ठेवतो. कालचं पत्र चार पानी होतं. रसायनशास्त्राच्या महाविद्यालयावर त्यात दोन ओळी आहेत, त्यातली एक तिथल्या जिन्याबद्दल. उरलेल्या तीन पानांत, ते चौतीस प्रश्न तू रोज संध्याकाळी एकेक करून पुन्हा कसे सोडवलेस, ते लिहिलं आहेस. कुणी सांगितलं नव्हतं. एकवीस आता तुझे तुला सुटले, अंदाज न करता. हृदयाच्या झडपांचा प्रश्न सोडवताना काय गंमत आली, ते सबंध पानभर लिहिलं आहेस, आकृती काढून. मला त्यातलं काही कळलं नाही. मात्र हे लिहिणारी कपाटावरून खाली उतरली आहे, हे कळलं. हे वाचून तुला काय वाटतं ते तू बघ. बाबांशी बोल. त्यांचं गाडीचं उदाहरण मला त्या दिवशी बाळबोध वाटलं होतं; आज तितकंसं वाटत नाही. ते भाषण करत नाहीत, दोन तास शोधतात.

मंगळवारी प्रमाणपत्रं घेऊन तू कुठल्या दाराशी जाशील, ते मला आधी कळवू नकोस. आधी जा, मग कळव. दोन्हींपैकी कुठलंही दार असलं तरी माझी हरकत नाही, आणि हरकत असती तरी ती विचारात घ्यायची नाही.

बाई आल्या. त्यांनी पाकिटातली पुस्तिका पाहिली आणि स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला.

आता जे लिहायला सकाळपासून टाळतो आहे ते लिहितो आणि पत्र संपवतो. परीक्षेचं काय होईल याची मला फारशी काळजी नाही. तू डॉक्टर झालीस किंवा आणखी काही, तरी धड माणूस होशील. मला भीती वाटते ती ही, की यापुढे तू मला काही विचारणार नाहीस. आणि त्याहून जास्त भीती ही वाटते, की तू विचारशील, पण फक्त मला बरं वाटावं म्हणून.

तुझा
मामा